काटा

चौथा दिवस. सकाळी पाहिलं तर बाबांच्या कपाटाचा खालचा खण रिकामा. मनीने पिल्लं हलवली.

मुळात ती तिथे व्यालीच का, हेच मला अजून पचलेलं नाही. कॅलेंडरवर 63 दिवस मोजत बसले होते मी. आडोसा बघून खोकं मांडलं, त्यात जुनी मऊ साडी घातली, तिला दोनदा आत नेऊन बसवलं. बाईसाहेब दोन्ही वेळा अंग झाडून बाहेर. आणि रात्री अडीचला कुठे, तर बाबांच्या स्वेटरवर! ज्यांनी जन्मात तिला 'हड'शिवाय हाक मारली नाही, त्यांच्या.

मी दारातून बघत होते. पिल्लू आलं की पापुद्रा चाटून काढायचा, नाळ दातांनी तोडायची, वार खाऊन टाकायची, की पुढची कळ. पहाटेपर्यंत चार. कुणाची गरज नव्हती तिला. माझी तर नाहीच. (ताईच्या वेळीही मी अशीच बाहेर बसले होते. असो.)

मग मी स्वयंपाकघरातला काटा आणला. 98, 104, 101 आणि शेवटचं काळं, 79 ग्रॅम. रोज दहाएक ग्रॅम वाढायला हवं, म्हणून सकाळ-संध्याकाळ वजन. बाकीची तिघं ढकलतात म्हणून काळ्याला उचलून आचळाला लावायचं. डोळे मिटलेले, कान चिकटलेले, नुसतं वासावर मुंडी हलवत शोधतं बिचारं. मनी काही करायची नाही. बघत राहायची. मला वाटायचं, विश्वासाने बघतेय.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवतेच, आई म्हणाली. समजूत घालत होती माझी. पण हे दुसरं घर तिला माझ्यामुळे शोधावं लागलं, ते दिवसभर डोक्यातून जात नाहीये. बाबांनी चार दिवसांत एकदाही हात लावला नाही. स्वेटरसुद्धा मागितला नाही.

संध्याकाळी माळ्यावरून बारीक आवाज आला. बॅगांच्या मागून. बाबांनी स्टूल धरलं, मी टॉर्च मारला. चार. काळंही होतं, आचळाला लटकलेलं. वजन आता किती... नाही. उतरले खाली.

आठ वाजता मनी आली. थेट माझ्या पायाशी, आणि माझ्यावरच ओरडली. वाटी रिकामी होती.