पिशवीतले मिलिलिटर

सकाळी पावणेसातला वॉर्डात शिरले की मी पेशंटच्या तोंडाकडे बघत नाही. आधी वाकून पलंगाखालची पिशवी बघते. मग वर बघून विचारते, "काय काका, झोप लागली का?" सवय वाईट आहे, पण आता सुटायची नाही.

अकरा वर्षं मी सर्जिकल आयसीयूत स्टाफ नर्स होते. गेली चार वर्षं यकृत, स्वादुपिंड आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया विभागात रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे उंदरांवर का गं?" उंदीर नाहीत. नळ्या आहेत, पिशव्या आहेत, जाडजूड फाइली आहेत आणि एक मोजपात्र आहे. त्यावर मी मार्करने "हात लावू नये" असं लिहिलंय. परवा त्यातच कुणीतरी डेटॉल कालवलं होतं.

माझ्या पिशवीवाल्यांपैकी बहुतेकांचं व्हिपलचं ऑपरेशन झालेलं असतं. स्वादुपिंडाचं डोकं, त्याला बिलगलेली लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनळीचा खालचा भाग एकगठ्ठा काढायचा आणि उरलेलं सगळं पुन्हा आतड्याला जोडायचं. जोड तीन: स्वादुपिंडाचा, पित्तनळीचा, जठराचा. शेवटचे दोन बहुतेक वेळा निमूट भरून येतात. स्वादुपिंडाचा जोड मात्र सगळ्या युनिटची झोप उडवतो. त्यातही उलटा न्याय असा, की स्वादुपिंड जितकं मऊ आणि निरोगी तितका धोका जास्त. आजाराने दगड झालेलं असेल तर टाका छान धरतो. मऊ असेल तर दोरा लोण्यातून जावा तसा कापत जातो. आणि तिथून झिरपतो तो अन्न पचवणारा रस. पोटात मोकळा सुटला तर तो रक्तवाहिनीलाही सोडत नाही.

म्हणून जोडाजवळ ड्रेन ठेवतात, म्हणजे पोटातलं पाणी बाहेरच्या पिशवीत आणणारी नळी. पहिल्या दिवशी कोकम सरबतासारखं येतं, त्याला कुणी घाबरत नाही. नंतर रंग फिका होत जातो. नवी नर्स तांबूस-काळपट पाणी बघून धावत येते, तेही बरोबरच. पण कधीकधी अगदी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ येतं आणि लॅबचा रिपोर्ट बघून सगळे गप्प होतात, कारण तो निव्वळ स्वादुपिंडाचा रस असतो. थोडक्यात, डोळ्यांवर विश्वास नाही. तिसऱ्या दिवसापासून पुढे कधीही ड्रेनमधल्या पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एक पाचक द्रव्य) रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं, तर ती गळती.

ही व्याख्या फार जुनी नाही, २००५ची आहे. त्याआधी ज्याची त्याची गळती वेगळी. इटलीतल्या व्हेरोनाच्या मंडळींनी २००४मध्ये एक फार सुंदर काम केलं. त्यांनी आधीच्या लेखांतून गळतीच्या २६ व्याख्या गोळा केल्या, त्यातून चार निवडल्या आणि आपल्याच २४२ पेशंटना लावून बघितल्या. पेशंट तेच, पोटं तीच, पाणी तेच. एका व्याख्येने गळती साधारण १० टक्के निघाली, दुसरीने २८. म्हणजे "आमच्याकडे फक्त दहा टक्के" असं परिषदेत छाती काढून सांगणारा सर्जन चांगला होता की त्याची व्याख्या सोयीची होती, हे कळायला मार्गच नव्हता. हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रपाळीच्या मावशीला उठवून सांगावंसं वाटलं होतं. २०१६मध्ये व्याख्या आणखी आवळली. नुसतं अमायलेज वाढलंय पण उपचारात काही बदलावं लागलं नाही, तर त्याला फिस्टुला, म्हणजे खरी गळती, म्हणायचं नाही, फक्त "बायोकेमिकल लीक" म्हणायचं. नळी तीन आठवड्यांच्या पुढे ठेवावी लागली, तर मात्र तो बी ग्रेडचा, म्हणजे खरा मोजला जाणारा फिस्टुला.

या तीन आठवड्यांवरून एकदा वाजलं होतं. याआधी होते तिथली गोष्ट. एका पेशंटची नळी तेविसाव्या दिवशी निघाली. वरिष्ठ म्हणाले, "विसावा लिही ना. दोन-तीन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?" मी म्हटलं, सर, नर्सिंग चार्टवर तेवीस आहे. ते हसले, म्हणाले, "चार्ट कोण बघतंय?" मी तेवीसच लिहिलं. पुढच्या महिन्यात माझी बदली ओपीडीतल्या फाइली लावायला झाली. योगायोग असेल.

चुका माझ्याकडूनही होतात. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात रात्री एका पिशवीला फुगवटा आला म्हणून मावशीने ती सिंकमध्ये ओतून टाकली. तिचा काय दोष? मोजायचं असतं हे तिला सांगायचं काम माझं होतं. सकाळी पिशवीत जेमतेम ४० मिलि. सगळे म्हणाले, अंदाजे दोनशे टाक. मी "मोजले नाही" लिहिलं. त्या फॉर्ममधली ती रिकामी चौकट अजून मला खुपते. तेव्हापासून मावशीला रोज चहा मी पाजते, आणि आता ती मलाच दरडावते, "ताई, डावीचं साठ, उजवीचं दीडशे, लिहून घ्या आधी."

मागच्या हंगामात निफाडकडचे एक काका आले. कांदेवाले. अंगाला खाज सुटून हातभर ओरखडे, डोळे हळदीसारखे, लघवी काळ्या चहासारखी, शौचाला पांढरट. दुखणं मात्र काहीच नाही. न दुखणारी कावीळ ऐकली की आमच्याकडे सगळे कान टवकारतात. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ पित्तनळी दाबते, पित्त आतड्यात उतरत नाही, रक्तात चढतं. काकांचे तीन आठवडे काविळीच्या माळेत गेले होते. डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत कमरेपर्यंत उतरली, कावीळ काही उतरली नाही. ओल्या काड्या सुकतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. साधी व्हायरल कावीळ तोवर आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला जातं. मी काकांना यातलं काही बोलले नाही. काकू मात्र म्हणाल्या, "माळवाल्यानं पैसे घेतले नाहीत हो." त्यात माणसाचा चांगुलपणाही होता, हे नाकारून कसं चालेल?

त्यांच्या मुलाचा पहिला प्रश्न: "आधी कावीळ उतरवायला नको का?" पोरगं हुशार. हाच प्रश्न ॲलन व्हिपललाही होता. १९३५मध्ये न्यूयॉर्कमधून त्याने हे ऑपरेशन छापलं तेव्हा ते दोन टप्प्यांत होतं: आधी पित्ताला दुसरी वाट काढून द्यायची, कावीळ उतरू द्यायची, मग गाठ काढायची. (बर्लिनमध्ये वाल्टर काउशने असंच ऑपरेशन १९०९मध्येच केलं होतं, पण नाव लागलं व्हिपलचं.) पित्त आतड्यात नसेल तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठत नाही, ही तेव्हाची मोठी भीती. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन हाताशी आल्यावर एका टप्प्यात करणं जमलं. तरी "पिवळ्या माणसाला कापू नये" ही धास्ती राहिलीच. पुढे एंडोस्कोपीने पित्तनळीत स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक नळी) घालता येऊ लागला, तसा सगळ्यांना आधी स्टेंट घालायचा पायंडा पडला. दिसायला किती शहाणपणाचं! २०१०मध्ये डच मंडळींनी २०२ पेशंटवर ते तपासलं. बिलिरुबिन (काविळीत रक्तात चढणारं पित्ताचं पिवळं द्रव्य) साधारण सव्वादोन ते साडेचौदाच्या दरम्यान असलेले लोक. अर्ध्यांना आधी स्टेंट, अर्ध्यांचं सरळ ऑपरेशन. गंभीर त्रास झाला तो स्टेंटवाल्यांत ७४ टक्क्यांना आणि सरळ ऑपरेशनवाल्यांत ३९ टक्क्यांना. तेव्हाचे स्टेंट प्लॅस्टिकचे, ते तुंबायचे, जंतुसंसर्ग व्हायचा. ताप भरलेला असेल, कावीळ फारच चढलेली असेल, आधी केमो द्यायची असेल, तर स्टेंट आजही घालतात. काकांचं बिलिरुबिन ११ होतं, ताप नव्हता. त्यांना स्टेंट घातला नाही.

मुलाचा दुसरा प्रश्न: "दुर्बिणीतून करा ना. मावशीची पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढली, तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापत होती." पित्ताशयाचं खरंच तसं आहे. पण व्हिपल म्हणजे पित्ताशय नव्हे. पुन्हा डचांचीच गोष्ट: चार रुग्णालयं, हात बसलेले सर्जन, ९९ पेशंट. ऑपरेशनच्या गुंतागुंतीने नव्वद दिवसांत दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५ गेले, पोट उघडून केलेल्यांत ४९ पैकी १. आकडे लहान, गणिताने फरक पक्का ठरेना. तरी देखरेख समितीने अभ्यास मध्येच थांबवला आणि त्यांनी २०१९मध्ये तो जसाच्या तसा छापला. म्हणून दुर्बीण वाईट असं मी म्हणत नाही, भरपूर सराव असलेल्या ठिकाणी चांगली होते. पण आपलेच पाच मृत्यू मोजून जगापुढे ठेवायला काय लागत असेल, याचा मी तेविसाव्या दिवसाच्या संदर्भात बरेचदा विचार करते.

मग संमतीपत्र. आमच्याकडे लहानसा अभ्यास चालू आहे: पहिल्या दिवशी अमायलेज कमी असेल तर नळी तिसऱ्या दिवशी काढायची की पाचव्या. व्हेरोनाच्याच लोकांनी ११४ पेशंटवर दाखवलंय की धोका कमी असेल तर नळी लवकर काढलेली बरी, उगाच ठेवली तर तीच त्रास देते. ते आपल्याकडच्या पेशंटनाही तसंच लागू होतं का, हे आम्ही बघतोय. संमतीपत्राच्या मराठी प्रतीत दुसऱ्या पानावर शब्द आहे "यादृच्छिकीकरण". मी तो अडखळत वाचला. काका म्हणाले, "सिस्टर, हे मराठीत सांगा."

"म्हणजे तिसरा का पाचवा, ते मी ठरवणार नाही, डॉक्टरही नाही. कॉम्प्युटर ठरवणार."

"चिठ्ठी टाकणार म्हणा की."

"हो, चिठ्ठीच. नको असेल तर नाही म्हणा, उपचारात काही कमी पडणार नाही."

त्यांनी विचारलं, "डॉक्टरांना ठाऊक नाही का कुठलं बरं ते?" मी म्हटलं, ठाऊक असतं तर चिठ्ठी कशाला टाकली असती? यावर ते बराच वेळ हसले. मग सही केली. ठळक, एकेक अक्षर सुटं. ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी अमायलेज कमी आलं आणि चिठ्ठीत त्यांना पाचवा दिवस निघाला. "माझा नंबर कधी चांगला लागलाय," म्हणाले. ठळक, एकेक अक्षर सुटं.

तिसऱ्या दिवशी त्यांचं अमायलेज तिपटीच्या वर आलं. ताप नाही, पोट मऊ, रोज पाणी कमी होत गेलेलं. पाचव्या दिवशी पुन्हा तपासलं तर उतरलेलं, नळी काढली. माझ्या फॉर्मवर: बायोकेमिकल लीक. बाराव्या दिवशी घरी.

नव्वदाव्या दिवशी फोन करायचा असतो. तीस दिवसांवर थांबलं तर घरी जाऊन गेलेले लोक मोजायचे राहून जातात, म्हणून नव्वद. हा फोन मला अजूनही जड जातो. पलीकडे कोण काय सांगेल याची तयारी करून नंबर लावते. काकांनी दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा काकूंनी घेतला.

"ते नाहीत हो ताई."

माझा पेन थांबला.

"लासलगावला गेलेत, कांदा घेऊन. तुमचा नंबर बघूनच फोन घरी ठेवून गेले. म्हणतात, परत बोलावतील आणि परत चिठ्ठी टाकतील."

मी "हयात" वर खूण केली. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: बाजार समितीत गेले आहेत. अभ्यासाचे कागद तपासणारा मॉनिटर पुढच्या तपासणीत त्यावर लाल गोल करणार, हे ठाऊक असूनही.