हरमल मिरचीवर गांडूळखताचा अर्क आणि एनएए: फुलोऱ्यापर्यंतची नोंद

गोव्यात आमच्या पेडण्यातल्या परसातली हरमल मिरची फुलोऱ्यावर आली आहे. यंदा चार वाफे केले आहेत. वाण एकच, लावणीही एकाच दिवशीची. पहिल्याला नुसतं पाणी. दुसऱ्याला मुळाशी गांडूळखताचा अर्क. तिसऱ्यावर फुलं लागताना एनएए या संजीवकाची, म्हणजे झाडाच्या वाढीवर काम करणाऱ्या रसायनाची फवारणी, आणि चौथ्याला दोन्ही. नुसत्या पाण्याच्या वाफ्याचा कंटाळा कुणी करू नये. हवा बदलली तरी झाडं उचल घेतात, आणि तो वाफा नसला की सगळं श्रेय बाटलीला जातं.

अर्कासाठी पूर्ण कुजलेलं गांडूळखत एक भाग आणि पाणी दहा भाग घेतो. खत सुती कापडात बांधून बादलीत बुडवायचं, मधूनमधून पिळायचं, गाळून तेवढंच पाणी आणखी घालायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. गूळ मी घालत नाही. गुळावर उपयोगी जिवाणू वाढतात तसे खतात उरलेले ई. कोलाय, साल्मोनेलासारखे रोगजंतूही वाढू शकतात, आणि ओली मिरची आपण कच्चीच चटणीत वाटतो. त्याच कारणाने अर्क पानांवर मारत नाही.

प्रत्येक खेपेला आधी मुगाची परीक्षा घेतो. दोन बश्यांत टिपकागद, एकात पाणी, एकात अर्क, वर मूग. खत कच्चं असलं तर मोड खुरटतात आणि मुळाचं टोक तपकिरी पडतं. या खेपेला अर्कातलं मुख्य मूळ पाण्यातल्यापेक्षा थोडं आखूड होतं, पण आडवी मुळं लवकर फुटली आणि भिंगातून पाहिलं तर पांढरी लव दाट दिसली. गांडूळखतातली ह्युमिक आम्लं मक्याच्या मुळांवर ऑक्सिनसारखं, म्हणजे मुळं फोडणाऱ्या झाडाच्या संप्रेरकासारखं काम करतात, हे ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं आहे. किनाऱ्याकडच्या वाळूसर जमिनीत अन्नद्रव्यं पाण्याबरोबर खाली निघून जातात, तिथे अशा आडव्या मुळ्यांचा फार आधार.

एनएएचं माप मात्र काटेकोर हवं. बाजारातलं द्रावण ४.५ टक्के, म्हणजे ४५,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). १ मिली साडेचार लिटर पाण्यात घातलं की १० पीपीएम होतं. मी सुईविना इंजेक्शनच्या सिरिंजने मोजतो. झाकणाचं माप नको. जास्त घातलं तर जास्त फुलं टिकतील असं मुळीच नाही. सफरचंदाच्या बागेत दाटी झालेली कोवळी फळं गाळायला हेच रसायन वापरतात. आणि प्रमाणित सेंद्रिय शेतीत ते चालत नाही, हे लक्षात असू द्या.

गळणारं फूल आधी ओळखता येतं. देठ जिथे फांदीला जोडलेला असतो तिथे पिवळट कडं दिसतं. बोट लागलं तरी फूल हातात येतं. तिथे पेशींचा तुटण्याचा थर तयार होतो आणि एनएए तो तयार होणं लांबणीवर टाकतं. तिसऱ्या वाफ्यात अशी पिवळी देठं खरंच कमी आहेत, पण धरलेल्या मिरच्या बारीक राहिल्यात आणि खालची पानं फिकी पडलीत. दुसऱ्यात फुलं थोडी उशिरा, पण फांद्या जास्त आणि पान काळंभोर. चौथ्यात फूल टिकतंय आणि मिरची भरतेही आहे. माझं मत आता पक्कं होत चाललंय: संजीवक फूल धरून ठेवतं, पोसायचं काम मुळांचंच. मुळं तयार नसतील तर फवारणी करून झाडावर नुसता बोजा.

नारळपाणी फवारायचा सल्ला इथे घरोघरी मिळतो. त्यात सायटोकायनिन, म्हणजे पेशी वाढवणारी संप्रेरकं असतात हे खरं. १९४१ मध्ये धोत्र्याचे कोवळे गर्भ त्यावर प्रयोगशाळेत वाढवले गेले होते. पण पानांवरच्या साखरेला मुंग्या आणि बुरशी लागते. मी ते बियाणं भिजवण्यापुरतंच ठेवलं आहे.

पुढची नोंद वाळलेल्या मिरचीच्या वजनाची. बी मात्र पाण्याच्या वाफ्यातलंच धरणार, कारण कुठल्या झाडाने आपल्या बळावर फुलं टिकवली ते तिथेच कळतं. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या मिरचीचं बी राखताना एवढी निवड करायलाच हवी. काणकोणकडच्या खोला मिरचीवर कुणी असे वाफे केले असतील तर पाण्याच्या वाफ्यातली फूलगळ तेवढी कळवा.