दोन गिझर आणि एक दिवस

दापोलीच्या आमच्या घरी आज दिवसभर प्लंबर आणि वायरमन या दोघांच्या मागे उभे राहण्यात गेला. येथील डिसेंबरची पहाट गार असते, आणि पाहुण्यांसाठी बंब पेटवणे आईला आता झेपत नाही, म्हणून पूर्वीच्या कारागिराकडून ३ किलोवॅटचे दोन गिझर समांतर जोडून घेतले होते. एकच सुरू केला, तर बंद असलेल्या दुसऱ्यातले थंड पाणी नळाशी मिसळून सारे कोमट होई. दोन्ही लावले, की २६ अँपिअरच्या भाराने १६ अँपिअरचा एकुलता एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) काही मिनिटांत पडे. ‘एमसीबी मोठा टाकू,’ असे वायरमन सहज म्हणाले, तेव्हा मात्र मी त्यांना थांबवले, कारण जुनी वायर तीच ठेवली असती, तर एमसीबी पडण्याऐवजी वायरच तापली असती. अखेर जांभ्याच्या भिंतीत खाचा मारून प्रत्येक गिझरला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, अर्थिंग आणि २० अँपिअरचा एमसीबी दिला. बंद गिझरमधले थंड पाणी नळाशी मिसळू नये म्हणून व्हॉल्व्ह बसवले, पण फक्त गरम पाण्याच्या बाजूला; जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावला नाही. लाल धूळ अजून माजघरभर आहे, आणि बाबांनी बंब विकायला साफ नकार दिला आहे.