थोडं म्हातारपण, दोन अक्षरी

‘थोडं म्हातारपण (२)’. क्रिप्टिक, म्हणजे गूढ शब्दकोड्यातला क्लू, एवढाच. कंसातला आकडा उत्तरातली अक्षरं सांगतो. साध्या शब्दकोड्याची सवय असलेला माणूस वार्धक्य, पिकणं, उतारवय असं काहीबाही चाचपत बसतो. उत्तर आहे ‘जरा’. थोडं म्हणजे जरा आणि म्हातारपण म्हणजेही जरा. एकातला ज दाताशी, दुसऱ्यातला टाळूशी. लिहायला मात्र दोन्ही सारखेच. असा क्लू सुटला की आधी हसू येतं, मग सेटरला, म्हणजे कोडं रचणाऱ्याला, शिव्या.

गूढ कोड्यातल्या बहुतेक क्लूंमध्ये दोन गोष्टी असतात: उत्तराचा सरळ अर्थ आणि शब्दांची करामत. अर्थ क्लूच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी, मधोमध नाही. म्हणून वाक्य वाचून त्याच्या अर्थात रमायचं नाही. एक टोक बोटाने झाकायचं आणि उरलेल्यात खुणेचा शब्द शोधायचा. ‘“आता राहायचं कुठे?” यात दडली वालीची बायको (२)’. ‘वालीची बायको’ झाका. उरलेल्यात ‘दडली’ ही खूण, म्हणजे उत्तर समोरच पडलंय: आ-ता-रा-हा… तारा. शब्दांमधली मोकळी जागा आणि विरामचिन्हं ही निव्वळ धूळफेक. त्यात वाली मारला गेल्यावर तारेने खरंच हा प्रश्न विचारावा, असा वरवरचा अर्थही जमून आलाय. जाणकार त्याला ‘सरफेस’ म्हणतात आणि त्याची दाद वेगळी देतात.

नवशिक्याचं घोडं अडतं ते उत्तर न सापडल्याने नव्हे, अर्ध्या पुराव्यावर सापडल्याने. आडव्या शब्दातलं एक अक्षर मिळालं, अर्थ जुळला, दिलं ठोकून. पेनाने. मग त्या चुकीच्या अक्षरांवर तीन उभे शब्द लटकतात आणि चौकटीचा एक कोपरा कायमचा बंद पडतो. पेन्सिल वापरा, आणि फोड झाली नसेल तर अक्षरं फिकट लिहा. फोड म्हणजे क्लूमधला प्रत्येक शब्द कुठल्या कामाला आलाय त्याचा हिशेब. एक शब्द जरी बिनकामाचा उरला तरी उत्तर बहुधा चुकलेलं असतं. नाहीतर क्लू तरी.

चार कोडेबाज जमले की मदत मागण्याचीही एक रीत असते. अडलेल्याला थेट उत्तर सांगणं हा असभ्यपणा. आधी सांगायचं, अर्थ कुठल्या टोकाला आहे. मग करामत कुठली: उलटापालट, जोडणी की दडवणूक. तरीही नाही सुटलं, तर पहिलं अक्षर. उत्तर शेवटी, तेही मागितलं तरच.

खरा रंग उत्तरानंतर चढतो. ‘बिथरलेलं वानर म्हणजे घरचा धनी (३)’. उत्तर नवरा, हे सगळ्यांना चटकन कळतं (काहींना संशयास्पद वेगाने). पण वानर म्हणजे वा-न-र आणि नवरा म्हणजे न-व-रा. काना वा वरून उठून रा वर जाऊन बसलाय. हे चालतं का? एक पक्ष म्हणतो, बिथरलं म्हटल्यावर काना जागचा हलणारच. दुसरा म्हणतो, एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, मग काना सुटा कसा मोजायचा? मी दुसऱ्या पक्षाचा. काना मोकळा सोडला की वेलांटीही मोकळी होते, मग जोडाक्षरंही तुटतात, आणि सोडवणाऱ्याला कशाचाच भरवसा राहत नाही.

इंग्रजीत हा तंटा नाही, कारण तिथे प्रत्येक अक्षर सुटं. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या एका दैनिकात २१ डिसेंबर १९१३ रोजी आलं, पण त्याला गूढ वळण दिलं ते इंग्लंडने. तिथल्या ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात १९२६ पासून कोडी रचणाऱ्याने टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा, स्पेनच्या धर्मछळ न्यायालयाच्या प्रमुखाचं. त्याच्यानंतर आला झिमेनेस, हे नावही त्याच गादीवरच्या माणसाचं. तिसऱ्याने, १९७२ साली, त्याच न्यायालयातल्या डेझा या न्यायाधीशाचं नाव इंग्रजी अक्षरांत उलटं करून (Deza–Azed) ‘अझेड’ घेतलं. आता हेच देवनागरीत करून बघा. डेझा उलटला की होतात ‘झाडे’. आपल्या लिपीत कोडं कसं वेगळं वागतं ते एवढ्यात कळावं. आडव्या-उभ्या शब्दांच्या छेदातलं एक अक्षर मिळालं की दोन अक्षरी शब्द निम्मा हातात येतो. म्हणून मराठीत छेद कमी ठेवावे लागतात, नाहीतर क्लू अवघड करावे लागतात.

आणि दुसरी अडचण विभक्तीची. ‘वसुली झाली, मागून शूर आला कोल्हापुरात (४)’. कर अधिक वीर, करवीर. वाचायला झकास, पण अर्थ ‘कोल्हापूर’ हवा, ‘कोल्हापुरात’ नव्हे; तेव्हा उत्तरही ‘करवीरात’ व्हायला हवं. शिवाय कर म्हणजे वसुली नव्हे, वसूल होतं ते. ॲफ्रिट या टोपणनावाच्या सेटरने १९४९ साली नियम घालून दिला होता: माझ्या बोलण्याचा अर्थ तोच असेल असं नाही, पण मला जे म्हणायचंय ते मी म्हटलेलं असलंच पाहिजे. त्या कसोटीवर हा क्लू दोनदा नापास. दुरुस्ती: ‘सरकारी देणं, मागे शूर, म्हणजे कोल्हापूर (४)’. झकासपणा थोडा गेला, हिशेब जुळला.

आता एक, उत्तराशिवाय: ‘उपम्याला लागणारा पाठीमागून वार (२)’. अर्थ पहिल्या टोकाला आहे. अलंकारशास्त्रात शोधू नका, डब्यात बघा.