कारणाचा रकाना

डोंबिवलीतल्या एका वधू-वर सूचक केंद्रात मी १४ वर्षं फाइली सांभाळतेय. तोंडावर नकार कोणी देत नाही. 'पत्रिका जुळत नाही' हा सगळ्यांत सभ्य नकार, 'मुलाला प्रोजेक्टसाठी बाहेर जायचंय' हा त्याखालोखाल. रजिस्टरात शेवटचा रकाना कारणाचा: पत्रिका, उंची, शिक्षण, पगार, गाव. यातलं काहीच नसेल तर 'आवडनिवड'. त्या एका शब्दात काय काय ढकललंय, ते मलाच ठाऊक.

डिसेंबरात एक मुलगा आला. ३१ वर्षांचा, आयटीतला. 'जातीची अट नाही' असं स्वतःच्या हाताने लिहिलेलं. मला अशा फॉर्मचं कौतुक वाटतं. संचालकबाई म्हणतात, हे फॉर्म सगळ्यांत वेळखाऊ. त्यांचं फारसं चुकत नाही, हीच पंचाईत आहे.

एक स्थळ पाठवलं. मुलीचं आडनाव इथे लिहीत नाही. लिहिलं की तुम्हीही लगेच हिशेब कराल. दोन दिवसांनी मुलाच्या आईचा फोन, "एकनाड आहे हो." म्हणजे दोघांची नाडी एकच, पत्रिकेतला दोष. आता पत्रिका जुळवायचं, मेलापकाचं कोष्टक मला तोंडपाठ. मुलगा रोहिणीचा, म्हणजे अंत्य नाडी. मुलगी हस्ताची, आद्य. एकनाड आली कुठून? नाडीचे आठच्या आठ गुण पदरात पडत होते. तसं सांगितल्यावर म्हणाल्या, "बरं, पण फोटोत सावळीच वाटते." मग मुलाने फोन घेतला. "ताई, जातीचा प्रश्न नाहीये. मला क्लिक झालं नाही, एवढंच."

जातीचं मी काढलंच नव्हतं.

लिहिलं, आवडनिवड.

फेब्रुवारीत मेळावा होता. नव्या सॉफ्टवेअरने परिचयपत्रकांतून आडनावं गाळली आणि ते ३०० प्रती छापून झाल्यावर कळलं. बाई आधी संतापल्या, मग कागदाचा खर्च आठवून म्हणाल्या, वाटा तशीच. दुपारी तो मुलगा एक पत्रक घेऊन माझ्या टेबलाशी आला. "हे स्थळ आधी का नाही दाखवलंत?" मी नोंदणी क्रमांक पाहिला. तीच मुलगी.

पण छातीठोकपणे काही म्हणावं तर फोटोही बदलला होता. आधीचा स्टुडिओतला, निळ्या पडद्यासमोरचा, पावडर थापलेला. हा दापोलीच्या किनाऱ्यावरचा, केस उडालेले, खळखळून हसतानाचा. फोटोने स्थळ फिरतं, हे मी रोज पाहते. आणि मी तरी कोण? तिच्या वडिलांनी 'सावळी' सांगितलं होतं, फॉर्मवर 'निमगोरी' मीच लिहिलं. चार स्थळं जास्त येतात म्हणून. एका मोठ्या विवाह-संकेतस्थळाने २०२० साली रंगाची चाळणी काढून टाकली. आमच्या फॉर्मवर तो रकाना अजून आहे.

मुलीला फोन केला. मुलाचा नोंदणी क्रमांक ऐकताच म्हणाली, "हे डिसेंबरातलेच ना?" नकाराचा मेसेज आम्हीच पाठवतो, क्रमांकासकट. मी हो म्हटलं.

"त्यांना माझं आडनाव माहितीये?"

"अजून नाही."

"मग आधी सांगा."

सांगितलं. मुलगा जरा गप्प झाला, मग म्हणाला, "घरी विचारून सांगतो." मी ते तसंच तिला कळवलं.

"अट नाही ना त्यांची? मग घरी काय विचारायचंय?" ती म्हणाली. "माझ्याकडून नको कळवा."

"कारण काय लिहू?"

"त्यांचं काय लिहिलं होतंत?"

मी सांगितलं.

"मग तेच लिहा."

रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढे आवडनिवड याआधीही एकदा होतं, माझ्याच अक्षरात. तो मुलगा दुसरा, त्याला टक्कल होतं. तेव्हा लिहिताना हात जराही अडखळला नव्हता. आता आठवडा झाला, रकाना कोराच आहे, आणि बाई महिनाअखेरचा गोषवारा मागतायत.