सापडलेल्या वस्तूंची ट्रंक

शाळेच्या स्मरणिका कमिटीचा मेसेज आला, पाचशे शब्दांत मनोगत पाठवा आणि सोबत फोटो जोडा. फोटो जोडलाय. पाचशे शब्दांचं काही जमलं नाही, संपादकांनी काय कापायचं ते कापावं, फक्त ट्रंकेचा भाग कापू नये एवढी विनंती.

मी ७८ च्या बॅचचा. आमच्या वस्तीवर चौथीपर्यंतच शाळा होती म्हणून वडिलांनी पाचवीला इथे बोर्डिंगला आणून टाकलं ते साल १९७२, म्हणजे ज्या वर्षी आपल्या नगर जिल्ह्यात आणि अर्ध्या महाराष्ट्रात पाऊसच आला नाही ते. आधीची दोन वर्षंही रडतरडतच गेली होती. आता नातवाला सांगितलं की आम्ही मिलो खायचो तर त्याला तो चॉकलेटचा डबा वाटतो, त्याला कसं सांगणार की अमेरिकेतून जहाजानं आलेली ती लाल ज्वारी होती, तिची भाकरी थापताना फाटायची आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. गावातले निम्मे बाप्ये आणि जवळपास सगळ्या बाया खडी फोडायला. नाहीतर पाझर तलावाच्या कामावर. तिथे सुकडी, म्हणजे कोरडा खाऊ, मिळायची आणि ती मुलांसाठी पदरात बांधून घरी यायची.

आमच्या शाळेतल्या गुरुजींचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि त्यांना स्वतःला नाव छापून आलेलं अजिबात चाललं नसतं. चर्चच्या वर्गणीच्या यादीतही ते "एक मंडळीसदस्य" असं लिहायला लावायचे. ते संत वगैरे नव्हते हे आधीच सांगतो, त्यांच्या छडीचे वळ मी खाल्लेत, गणितात तर ते अंगावर यायचे, आणि बाईंशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, त्यांची भांडणं पार बोर्डिंगपर्यंत ऐकू यायची. "सगळ्या गावाचे बाप झालात, घरात गोडंतेल नाही ते बघा आधी" हे बाईंचं ठरलेलं वाक्य.

तर ट्रंक. ऑफिसच्या कोपऱ्यात हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक होती, झाकणावर खडूनं लिहिलेलं, सापडलेल्या वस्तू. महिन्या दोन महिन्यांनी गुरुजी एखाद्या पोराला ऑफिसात बोलवायचे आणि ट्रंकेतून काहीतरी काढून विचारायचे, "ही चप्पल तुझी का रे?" पोरगं नाही म्हणायचं. "नीट बघ. नाही? मग महिना झाला, कोणी विचारायला आलं नाही, पडून खराब होईल, घाल बघू पायात." आणि चप्पल बरोब्बर बसायची.

मला त्या ट्रंकेतून एक स्वेटर मिळाला होता, निळा. मी शपथेवर सांगितलं की गुरुजी माझा नाही हो, मला वाटलं चोरीचा आळ येतोय. ते म्हणाले, "मी कुठं म्हणतोय तुझा आहे, मी म्हणतोय कोणाचाच नाही." झालं, घातला. पुढे तीन हिवाळे तो मी घातला आणि एकदाही डोक्यात आलं नाही की ७२ साली आपल्या शाळेत नवाकोरा स्वेटर हरवण्याइतकं श्रीमंत होतं तरी कोण! ज्याच्याकडे एकच शर्ट तो वस्तू हरवेल कशी. पाटी हरवली तर घरी मार बसायचा, त्यामुळे खरं म्हणजे शाळेत कधी काही हरवतच नव्हतं.

हे आम्हाला कळलं २०११ च्या गेट-टुगेदरला, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. जेवताना माझा बाकावरचा जोडीदार सहज म्हणाला की मला एकदा कोणाची तरी हरवलेली चप्पल मिळाली होती. मी म्हटलं मला स्वेटर. समोरची म्हणाली मला परकर-पोलकं. एकेक जण बोलायला लागला आणि मग टेबलावर सगळे गप्पच झाले, एक जण तर उठून हात धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच तेवढं नशिबानं मिळालं!

पैसा कुठून यायचा, तर दशांशातून. पगाराचा दहावा भाग देवाचा, हे आमच्याकडे ख्रिस्ती लोकांत बऱ्याच घरांत पाळतात, पण गुरुजी त्यातला अर्धाच रविवारी थैलीत टाकायचे आणि अर्धा घरी डालड्याच्या डब्यात. यावरून मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुजबुज झाली होती म्हणे. गुरुजींचं उत्तर असं की थैलीतला देवाला पोचतो, डब्यातलाही पोचतो, डब्याचा रस्ता जरा जवळचा आहे. हे मला बाईंनी नंतर सांगितलं, खरंखोटं त्यांनाच माहीत.

बाईंची तऱ्हा वेगळी. खडीवरून परतणाऱ्या बायांबरोबर पोरं असायची, त्यांना त्या दारातून हाक मारायच्या, "इकडं ये गं, जरा आमटीचं मीठ बघ, माझ्या तोंडाची चव गेलीय तापानं." मीठ बघायला म्हणून वाटीभर आमटी आणि चतकोर भाकरी, नुसती आमटी कशी चाखणार ना. त्या वर्षभरात बाईंच्या तोंडाची चव काही परत आली नाही.

पण सगळ्यांना नाही बरं का. काही घरातल्या पोरांना त्या शिजवलेलं द्यायच्याच नाहीत, कोरडं पीठ द्यायच्या, मूठभर डाळ द्यायच्या, तेही त्यांच्याच आईच्या पदरात. मला तेव्हा हा दुजाभाव वाटायचा, बोर्डिंगचा पोरगा मी, मला काय कळतंय. ख्रिस्ती माणसाच्या, आणि त्यातून आमच्यासारख्या गावकुसाबाहेरून ख्रिस्ती झालेल्यांच्या घरचं शिजलेलं अन्न घेतलं तर त्या बाईला घरी काय ऐकावं लागेल हे बाईंना पक्कं माहीत होतं. त्या ज्याला जे घेता येईल तेच द्यायच्या. यात त्यांचा स्वतःचा अपमान होता की नाही? होता. पण त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

आणि गुरुजींचा एक नियम कडक होता. भाकरी देताना देवाचं नाव काढायचं नाही. एकदा शब्बाथशाळेचा, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गाचा, एक उत्साही तरुण पिठाच्या पुड्यांबरोबर शुभवर्तमानाच्या पत्रिका वाटायला निघाला तर गुरुजींनी त्याच्या हातून पत्रिका काढून घेतल्या, म्हणाले, "पोट भरल्यावर विचारायला आला तर दे. आत्ता दिलीस तर ती किंमत झाली." त्यांची आजी १९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेली. त्या काळात मिशनऱ्यांनी हजारो जीव जगवले हे खरं, केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना जवळ केलं तेही खरं, पण त्याचबरोबर "भाकरीसाठी बाटले" हे बोल पुढच्या तीन पिढ्यांनी ऐकले, मीसुद्धा ऐकलेत, ह्याच गावच्या बाजारात. गुरुजींना ते फार लागायचं. आपली आजी भाकरीसाठी देवाकडे आली असं कोणी म्हणालं तर म्हणू दे, पण आपल्या दारात कोणी तसं येऊ नये, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

७३ ला पाऊस आला. शाळेच्या मागच्या रानात भुईमूग होता, दिवाळीच्या आधी काढणीला आम्ही बोर्डिंगची पोरं. भूक अशी होती की आम्ही ढेकळं फोडून फोडून एकेक शेंग वेचत होतो. गुरुजी बांधावरून ओरडले, "अरे एवढं चाटूनपुसून नका घेऊ, सरव्याला काय ठेवाल?" बांधापलीकडे दहाबारा बाया पाट्या घेऊन बसलेल्या होत्या, मागे राहिलेला सरवा वेचायला आम्ही हलायची वाट बघत. त्या रविवारी शब्बाथशाळेत गुरुजींनी बायबलमधली रूथची गोष्ट घेतली. ती परक्या देशातली विधवा, सासूला घेऊन आलेली, बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते, आणि बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं गळू द्या आणि तिला काही बोलू नका. गुरुजी "मुद्दाम" या शब्दावर थांबले होते. म्हणाले, तिला वाटलं पाहिजे की मी वेचलं. नियमशास्त्रातच लिहिलंय, शेताचे कोपरे पार कापायचे नाहीत, खाली पडलेलं परत उचलायला जायचं नाही, ते गरिबाचं आणि उपऱ्याचं. मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत द्यायची हेही तिथंच आहे, आणि ते तर गुरुजी इतकं पाळायचे की सुट्टे नसले तर संध्याकाळी गावात जाऊन नोट मोडून आणायचे.

आता माझं सांगतो, कारण नुसतं गुरुजींचं कौतुक लिहून मी मोकळा झालो तर ते बरोबर नाही.

नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालो, मंडळीत थोडा पुढेपुढेही झालो. काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आधी आमच्या ग्रुपनं ब्लँकेट वाटायचं ठरवलं, रात्री स्टेशनच्या बाहेर झोपतात त्यांना. बॅनर छापलं. फोटोची जबाबदारी माझ्याकडे. एका म्हातारीला ब्लँकेट दिलं, फोटो काढला, बघतो तर बॅनर फ्रेममध्ये अर्धंच. मी म्हटलं, "आजी, जरा परत द्या, आणि परत घ्या." तिनं दिलं. परत घेतलं. मग विचारलं, "झालं का साहेब? पांघरू आता?"

तो फोटो ग्रुपवर टाकला, हात जोडलेले अंगठे दाखवलेले बरेच आले. रात्री झोपताना थंडी वाजत होती म्हणून कपाटातून काहीतरी ओढलं, तो स्वेटर निघाला. निळा नाही हो, तो केव्हाच विरून गेला, मुलीनं दिलेला नवा होता. पण त्या रात्री मला पहिल्यांदा प्रश्न पडला की गुरुजी माझ्या मापाचा स्वेटर आणायला नगरला कधी गेले असतील, एसटीनं की सायकलवर, आणि माझं माप त्यांनी घेतलं कधी. बहुतेक छडी मारताना.

तेव्हापासून बॅनरवाल्या कार्यक्रमाला मी जात नाही, यावरून मंडळीत दोघंतिघं नाराज आहेत. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा पगार एक तारखेच्या आत असतो, हे माझ्या बायकोनं माझ्याआधीच सुरू केलं होतं, मी श्रेय घेत नाही. भाजीवाल्याशी घासाघीस अजून करतो, सवय जात नाही.

बाकी शाळेबद्दल इतर मंडळी लिहितीलच, नवीन इमारत, कॉम्प्युटर लॅब, निकाल वगैरे. मला फक्त एक विचारायचंय. मागे गुरुजी गेले तेव्हा आलो होतो तर ऑफिसचं रंगकाम चालू होतं आणि सामान सगळं व्हरांड्यात होतं, त्यात ती हिरवी ट्रंक मला दिसली होती, कडी तुटलेली. ती भंगारात गेली नसेल तर कृपया कोणीतरी मला फोन करून सांगा. कार्यक्रमाला येताना माझ्या काही वस्तू शाळेत हरवायच्या आहेत. सहावी-सातवीच्या पोरांची मापं कळली तर बरं होईल.