जनसुनावणीआधीचे 30 दिवस

कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी, शाहूवाडी, चंदगड पट्ट्यात बॉक्साइटच्या खाणीचा प्रस्ताव आला, की गावात पहिली चर्चा होते ती सुनावणीला माणसं किती न्यायची याची. माणसं जमलीच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण 14 सप्टेंबर 2006च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेत सुनावणीला गणपूर्तीची अट नाही आणि मतदानही नाही. पाचशे जणांनी हात वर केले तरी इतिवृत्तात 'ग्रामस्थांचा विरोध' एवढी एक ओळ उरते, आणि तज्ज्ञ समिती ती वाचून पुढं जाऊ शकते. पान नंबर आणि आकडा घेऊन आलेल्या हरकतीचं उत्तर मात्र कंपनीला अंतिम अहवालात द्यावं लागतं. अशा हरकती तयार करायला नोटीस निघाल्यापासून किमान 30 दिवस मिळतात. सगळी मेहनत तिथं घालायची.

आधी एक तपासा: प्रकल्प कुठल्या वर्गात आहे? 'बी-2' वर्गाला जनसुनावणी नसते. पवनचक्क्या तर या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत, त्यामुळं पठारावर कितीही उभ्या राहिल्या तरी या मार्गानं सुनावणी मागता येत नाही. ही मोठी उणीव आहे, पण आज कायदा असा आहे.

कंपनीचा मसुदा ईआयए अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं ठेवलेला असतो. मराठीत मिळतो तो सारांश, आणि त्यात अडचणीचं फारसं काही येत नाही. पूर्ण अहवाल मागा. लेखी अर्ज केला की सुनावणीच्या तारखेपर्यंत कार्यालयीन वेळेत तो पाहायला मिळतो. अर्जाची पोच घ्या. कॉलेजात शिकणारी गावातली दोन-तीन पोरं सोबत बसवा, कारण अहवाल इंग्रजीत असतो आणि शेकडो पानांचा असतो.

सगळा वाचायची गरज नाही. पहिल्यांदा टीओआर (अभ्यासाची कार्यकक्षा) पत्र काढा. कशाकशाचा अभ्यास करायचा याच्या अटी त्यात असतात. एकेक अट घेऊन अहवालात तिचं उत्तर कुठल्या पानावर आहे ते बघत जा. उत्तर नसेल, तर ती तुमची पहिली हरकत.

मग नमुने कुठल्या महिन्यांत घेतले ते बघा. खाणींसाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते, त्यामुळं बऱ्याचदा मार्च ते मे निवडलेला असतो. आपल्याकडं सगळी गोम इथं आहे. एप्रिलमध्ये सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळी पठार, बघितला तर काळा तापलेला कातळ आणि वाळकं गवत, एवढंच दिसतं. अहवालात 'ओसाड खडकाळ जमीन' लिहून मोकळे होतात. त्याच सड्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बोटभर मातीत सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, कीटक खाणारी दवबिंदूची रोपटी दिसतात, डबक्यांत बेडकांची पिल्लं असतात. याचा पुरावा उन्हाळ्यात गोळा करता येत नाही. म्हणून प्रस्तावाची कुणकुण लागली की पहिल्याच पावसाळ्यात तारीख आणि ठिकाण उमटेल असे फोटो काढून ठेवा. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाकडून नावं तपासून घ्या.

मार्च-मेच्या मोजणीत दुसरी गोष्ट निसटते ती ऊस. हंगाम संपल्यावर रस्त्यावरची वाहनं मोजली, तर ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसणार कुठून? वाहतुकीचा हिशेब स्वतः मांडा. समजा, वर्षाला 3 लाख टन माल आणि कामाचे 300 दिवस धरलेत. म्हणजे रोज 1,000 टन. 16 टनी ट्रक धरला तर 62-63 भरलेल्या खेपा, आणि रिकामे परतणारे धरून सुमारे 125 फेऱ्या. दहा तासांत वाटल्या तर शाळेपुढून दर पाच मिनिटांनी एक ट्रक. हाच आकडा उसाच्या हंगामातल्या गर्दीत मिळवा आणि विचारा, साइडपट्टी नसलेल्या रस्त्यावर हे कसं बसणार?

हवेचे नमुने घेतलेल्या जागांचे अक्षांश-रेखांश अहवालात असतात. ते मोबाइलच्या नकाशात टाका. ठिकाण खरंच त्या गावात पडतं का, वाऱ्याच्या दिशेनं खाणीच्या अलीकडं की पलीकडं, हे लगेच कळतं. पीएम 10 म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांची 24 तासांची मर्यादा 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. आजचा आकडा आधीच 80 असेल, तर खाणीच्या धुळीला जागा 20ची उरते.

सगळ्यात दमदार मुद्दा पाण्याचा. सड्यावरचा जांभा पावसाचं पाणी मुरवतो आणि खालच्या वाड्यांचे झरे त्यावर चालतात. झरा मोजायला यंत्र लागत नाही. सगळं पाणी एका पाइपातून येईल असा मातीचा बांध घाला, खाली 15 लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. तीनदा मोजून सरासरी काढा. 45 सेकंदांत बादली भरली, तर मिनिटाला 20 लिटर, म्हणजे दिवसाला 28,800 लिटर. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, वहीत तारखेसह लिहा आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाला जोडा. अहवालात 'परिसरात झरे नाहीत' असं छापलेलं असेल, तर ही वही पुरेशी बोलते. गडबड होते ती बहुतेक बांधात. पाणी बाजूनं झिरपलं तर आकडा कमी येतो आणि समोरचा तोच धरून बसतो.

बोलवायचं कोणाला, हे गावच्या पुढाऱ्यांवर सोडू नका. सड्यावरचे धनगरवाडे पहिले, कारण चराई आणि पाणी दोन्ही त्यांचं जातं. वर्तमानपत्र पोचत नाही तिथं दवंडी द्यावी, असं अधिसूचनेतच आहे. दिली नसेल तर लेखी तक्रार करा. पाणी भरणाऱ्या बायकांना स्वतः बोलू द्या. उन्हाळ्यात झरा किती दिवस टिकतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. खालच्या अंगाला नदीकाठी राहणाऱ्यांनाही लेखी हरकत पाठवता येते, सुनावणीला यायलाच पाहिजे असं नाही.

सुनावणीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी असतात. त्याखालचा अधिकारी बसला, तर ही हरकत सुरुवातीलाच नोंदवा. एका माणसानं एकच मुद्दा मांडावा, तीन मिनिटांत, पान नंबरसह, आणि तोच लेखी देऊन पोच घ्यावी. चित्रीकरण नियमानं होतं, तरी आपलंही करा. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. जेवणाची वेळ झाली म्हणून लोक उठतात आणि नेमकं तेच ऐकायचं राहतं. पाच-सहा जणांनी यादी हातात धरून बसावं, सुटलेला मुद्दा तिथंच घालायला लावावा, मगच सही होऊ द्यावी.

वनजमीन असेल तर वनहक्क कायद्याखालची ग्रामसभा वेगळी. सुनावणीच्या हजेरीपटावरची सही तिथं संमती म्हणून चालवू देऊ नका. हजेरीच्या कागदावर वर काय लिहिलंय ते वाचूनच सही करा.

मंजुरी निघालीच, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडं अपिलाला 30 दिवस असतात. सबळ कारण दिलं तर आणखी 60 मिळू शकतात. अपिलात लवाद बघतो ती आधी दिलेली हरकत आणि तिचं मिळालेलं किंवा न मिळालेलं उत्तर, म्हणून पोचेच्या सगळ्या प्रती एका फायलीत ठेवा आणि तिची झेरॉक्स दुसऱ्या घरी.